टर्मिनलवरचा तक्ता प्रोग्रॅमला कसा वाचता यावा?

पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'प्रत्यूष'सारखा महासंगणक असो किंवा हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीचा साधा सर्व्हर असो, दोन्हीकडे बहुधा लिनक्स ही कार्यप्रणालीच असते आणि त्याची देखभाल करणारी माणसे टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आज्ञा देऊन त्याची हालहवाल विचारत असतात. डिस्कवर किती जागा उरली हे 'डीएफ' (df) ही आज्ञा सांगते, फाइलींची यादी 'एलएस' (ls) देते. उत्तर नीटनेटक्या तक्त्यासारखे दिसते. पण तो तक्ता आपल्या डोळ्यांसाठी आहे, दुसऱ्या प्रोग्रॅमला त्यात केवळ अक्षरे आणि मोकळ्या जागा मिळतात.

संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी १९७३ साली, लिनक्स जिच्या धर्तीवर बनली त्या युनिक्स कार्यप्रणालीमध्ये 'पाइप'ची सोय केली, तेव्हापासून एका प्रोग्रॅमचा मजकूर थेट दुसऱ्याला देता येऊ लागला. पुढे १९७७ मध्ये आलेल्या 'ऑक' (awk) या मजकूर हाताळणाऱ्या साधनाने ओळीतला पाचवा शब्द उचलणे सोपे केले. मात्र 'पाचवा शब्द' हा अंदाज आहे, हे फार सहज विसरले जाते.

'डीएफ'चेच पाहा. तक्त्यात सहा स्तंभ असतात, पण शेवटच्या स्तंभाचे नावच दोन शब्दांचे असल्यामुळे शीर्षकाच्या ओळीत सात शब्द भरतात. डिस्क ज्या फोल्डरला जोडली आहे त्याच्या नावात मोकळी जागा असली, तर खालच्या ओळींची गणनाही चुकते. संगणकाची भाषा मराठी ठेवली की 'एलएस'च्या यादीत महिन्यांची नावे मराठीत येतात, आणि सहा महिन्यांपेक्षा जुन्या फाइलीपुढे वेळेऐवजी वर्ष छापले जाते. म्हणजे तोच स्तंभ, पण अर्थ वेगळा.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक मूल्याला नाव देणे, आणि त्यासाठी 'जेसन' (JSON) हे नाव आणि मूल्य अशा जोड्यांत माहिती लिहिण्याचे स्वरूप आज सर्वाधिक वापरले जाते. डिस्कांची यादी देणारी 'एलएसबीएलके' (lsblk) आणि नेटवर्कची माहिती देणारी 'आयपी' (ip) या आज्ञा सांगितल्यास स्वतःच जेसन देतात. हाच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण माहितीचा अर्थ ती निर्माण करणाऱ्या प्रोग्रॅमलाच ठाऊक असतो. ज्यांना ही सोय नाही त्यांच्यासाठी केली ब्राझील यांचे 'जेसी' (jc) हे मुक्त साधन अनेक प्रचलित आज्ञांचा मजकूर जेसनमध्ये बदलून देते, त्यामुळे प्रत्येकाने तीच वाचनपद्धती नव्याने लिहिण्याची गरज उरत नाही.

तरीही मुळात हरवलेली माहिती कोणतेही साधन परत आणू शकत नाही. 'डीएफ'ला 'जीबी'सारख्या एककांतले वाचनसुलभ आकडे मागितले की ती ते वरच्या बाजूला पूर्णांकित करते, म्हणून पुढे हिशेब करायचा असेल तर आकडे बाइटमध्येच मागावेत. वेळेची अडचण तर पुण्यात बसून काम करणाऱ्याला हमखास भेटते. 'आयएसटी' ही खूण भारतीय प्रमाणवेळेची आहे, तशीच ती इस्रायल आणि आयर्लंड येथेही वापरली जाते. त्यामुळे केवळ ती तीन अक्षरे पाहून प्रोग्रॅमला नेमका क्षण ठरवता येत नाही. 'जेसी' अशा वेळी संगणकाची स्थानिक वेळ गृहीत धरून त्या क्षणाचे सेकंदांतले मूल्य काढते आणि मूळ मजकुरात जागतिक वेळेची (यूटीसी) स्पष्ट खूण असेल तरच कालविभागाची खात्री असलेले मूल्य वेगळे देते. म्हणून निरनिराळ्या देशांतल्या सर्व्हरच्या नोंदी एकत्र करायच्या असतील, तर वेळ जागतिक वेळेतच नोंदवावी, किंवा तिच्यापुढे +०५:३० असा फरक स्पष्ट लिहावा.