आर्मीचा क्लिअरन्स जन्मभर चालत नाही

अमेरिकन आर्मी-नेव्हीतून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या घरी हे हमखास ऐकू येतं, "टॉप सीक्रेट क्लिअरन्स आहे ना त्याच्याकडे, मग नोकरीची कसली चिंता, तो काय जातोय कुठे!" जातो हो. क्लिअरन्स म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी ('सीक्रेट', 'टॉप सीक्रेट' या तिच्या पातळ्या). तो माणसाच्या मालकीचा नसतोच, कामासाठी दिलेला असतो, युनिफॉर्म उतरला की अ‍ॅक्टिव्ह राहत नाही. त्यानंतर साधारण 24 महिने हातात असतात, तेवढ्यात एखाद्या डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरने (संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या खासगी कंपनीने) किंवा सरकारी खात्याने स्पॉन्सर केलं तर बहुतेकदा तोच पुन्हा चालू होतो, नाहीतर एसएफ-86 चा तो मारुतीच्या शेपटीएवढा फॉर्म (जुने पत्ते, ओळखीपाळखीचे लोक, परदेशातले नातेवाईक, सगळं) भरून पहिल्यापासून तपास.

आणि "पैसे द्या, क्लिअरन्स काढून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर सरळ फोन ठेवा, स्वतःहून अर्ज करायची सोयच नाहीये. ग्रीन कार्डवर भरती होता येतं, पण क्लिअरन्सला नागरिकत्व लागतं, हे आपल्याकडच्या बऱ्याच घरांत उशिरा कळतं.

रेझ्युमेत नुसतं 'सीक्रेट' लिहून सोडू नका, शेवटचा तपास कधी झाला तेही टाका, रिक्रूटर आधी तेच बघतो. आणि हो, क्लिअरन्स असला तरी स्किल लागतंच, इंटरव्ह्यूत तो उत्तरं देत नाही.