मेंदूची गाठ आणि साखरेची पंचाईत

पेट स्कॅन म्हणजे शरीरात टोचलेला किरणोत्सारी पदार्थ कुठे साठतो हे दाखवणारी तपासणी. मेंदूच्या अशा स्कॅनच्या आधी त्या पदार्थाचं, म्हणजे ट्रेसरचं, इंजेक्शन दिलं की रुग्णाला मंद उजेडाच्या खोलीत निजवतात. बोलू नका, वाचू नका, मोबाइल तर नाहीच. हा आग्रह नुसत्या विश्रांतीसाठी नसतो. रुग्ण काही वाचत बसला, तर टोचलेली किरणोत्सारी साखर डोक्याच्या मागच्या, दृष्टीचं काम पाहणाऱ्या भागात जास्त ओढली जाते आणि स्कॅनवर तोच भाग चमकतो.

ही साखर म्हणजे एफडीजी, फ्लोरिन-१८ जोडलेलं नकली ग्लुकोज. पेशी ते आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, म्हणून ते तिथेच अडकून पडतं. फुप्फुसातली गाठ एफडीजी सहसा छान दाखवतं. मेंदूत मात्र पंचाईत होते. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा खातो. निरोगी मेंदूच इतका उजळलेला असतो, की हळू वाढणारी गाठ त्यात हरवून जाते. भर दुपारी लावलेल्या पणतीसारखी.

मग गाठीला आवडणारं, पण शेजाऱ्यांना फारसं नको असलेलं खाद्य शोधायचं. ते म्हणजे अमिनो आम्लं. ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीच्या, पेशी ती भराभर आत ओढतात, निरोगी मेंदू बेतानेच घेतो. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर शाबूत असला तरी ती आत शिरतात. एमआरआयमधलं कॉन्ट्रास्ट औषध अडसर फुटल्याशिवाय गाठीत उतरत नाही.

अशा अमिनो आम्लांच्या ट्रेसरपैकी कार्बन-११ मेथिओनिन उत्तम, पण त्याचं अर्धायुष्य २० मिनिटं. तासाभरात आठवा हिस्सा उरतो, म्हणजे ते तयार करणारं सायक्लोट्रॉन यंत्र जवळच हवं. एफ-डोपा हे असंच दुसरं अमिनो आम्ल मेंदूच्या गाभ्यातल्या स्ट्रायटमलाही उजळवतं, त्यामुळे तिथे खेटून असलेली गाठ नीट वेगळी काढता येत नाही. माझं झुकतं माप एफईटीला, म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेल्या आणखी एका अमिनो आम्लाला. अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं, त्यामुळे दूरवर पाठवता येतं. वर स्कॅन ४० मिनिटं चालू ठेवला तर गाठीत ट्रेसर कसा साठत जातो त्याचा आलेखही बोलतो: झटकन चढून उतरला तर गाठ बहुधा आक्रमक, सावकाश चढत राहिला तर बहुधा सौम्य. रेडिएशननंतर एमआरआयवर दिसणारा डाग परतलेली गाठ आहे की नुसती मेलेली ऊती, हे ओळखायलाही एफईटीची चांगली मदत होते. काही सौम्य ग्लायोमा मात्र एफईटीलाही दाद देत नाहीत.

आणि एफडीजी अगदीच मोडीत निघालेलं नाही. मेंदूतला लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) इतका अधाशी असतो, की त्या झगझगाटातही उठून दिसतो. फक्त स्टेरॉइड आधीच सुरू झालं असेल तर ही चमक उतरू शकते, म्हणून गोळ्या कधीपासून चालू आहेत हे स्कॅनआधी सांगायला हवं.