जनमत कौल, गोवा (१९६७)

गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राखावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी झालेले मतदान. सावंतवाडी, जंजिरा ही कोकणातली संस्थाने १९४८ मध्ये मुंबई प्रांतात गेली ती विलीनीकरणाच्या करारांनी. गोव्यात हा प्रश्न मतपेटीपर्यंत गेला.

स्वयंनिर्णयाचा हक्क म्हणजे आपला राजकीय दर्जा आपण ठरवण्याचा लोकसमूहाचा हक्क. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९६० च्या ठरावात तो मान्य केला आणि दुसऱ्याच दिवशी गोव्याला पोर्तुगालच्या ताब्यातील अस्वशासित, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतःच्या हाती नसलेल्या, प्रदेशांत धरले. पोर्तुगालने मात्र १९५१ मध्येच आपली घटना दुरुस्त करून गोव्याला 'सागरापारचा प्रांत' ठरवले होते. त्यात गोवेकरांचा कौल घेतलेला नव्हता. पोर्तुगीज सत्तेतून मुक्तीनंतर १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा भारतीय संघराज्यात आला. भारताचे संविधान मंजूर आहे का, असे तेव्हाही मतदान झाले नाही. १९६३ च्या निवडणुकीतला सहभाग हीच त्याची पावती मानायची तर मानावी.

त्या निवडणुकीत दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांचा, विलीनीकरण हवे असलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. विधानसभेच्या ठरावाने विलीनीकरण उरकू नये, लोकांनाच विचारावे, असा आग्रह युनायटेड गोवन्स पक्षाच्या जॅक सिक्वेरा यांनी धरला. राज्यांच्या सीमा ठरवताना सार्वमत घेण्याची तरतूद संविधानात नाही, म्हणून संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावे यासाठी बांदोडकर सरकारने राजीनामा दिला.

विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित प्रदेशाची दोन पाने. घरात कोंकणी बोलायची, शाळेत आणि कीर्तनात मराठी ऐकायची, अशा असंख्य कुटुंबांना या दोन चिन्हांतून एकच निवडायचे होते. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. गंमत अशी, की दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत याच मतदारांनी पुन्हा बांदोडकरांनाच सत्ता दिली. विलीनीकरण नाकारले म्हणून त्यांनी भाऊसाहेबांना नाकारले नव्हते.

या मतदानाची खरी मर्यादा पर्यायांची होती. स्वतंत्र घटक राज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. तो दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला, तोही संसदेच्या कायद्याने, पुन्हा कौल न घेता.