काळी पट्टी म्हणजे कोमल स्वर? खुलासा

सांगली-मिरजेकडच्या भजनी मंडळांत पेटी शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात, ‘पांढऱ्या पट्ट्या शुद्ध, काळ्या कोमल.’ कोमल म्हणजे शुद्ध स्वराहून अर्ध्या स्वराने उतरलेला. पिढ्यान् पिढ्या चाललंय हे. पण ते बरंचसं खरं ठरतं फक्त ‘सा’ पांढरी एकमध्ये, म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडच्या पांढरीवर, धरला तरच. तेव्हाही काळी तीन कोमल नसते, तिथे तीव्र म, म्हणजे अर्ध्या स्वराने चढलेला मध्यम, येतो.

बुवा काळी एकमध्ये गाऊ लागले की बघा. सा, रे, म, प, ध हे पाचही काळ्यांवर येतात, शुद्ध ग आणि नी पांढऱ्यांवर. काळ्या पाचही वाजल्या, कोमल एकही नाही!

शुद्ध-कोमल ठरतं ते सा पासूनच्या अंतरावरून; पट्टीच्या रंगाचा संबंध नाही. आता गंमत करा. काळीला हात न लावता पांढरी तीनला सा माना आणि चढत जा. शेजारचीच पांढरी चार अर्ध्या स्वरावर, म्हणून रे कोमल. पुढे ग, ध, नी पण कोमल. हा भैरवी थाट (रागांच्या वर्गीकरणासाठी धरलेला सात स्वरांचा संच) झाला. पांढरी चारपासून निघालात तर मध्यम तीव्र लागतो, म्हणजे कल्याण. दोनपासून काफी, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. सातपासून मात्र पंचमच सापडत नाही. त्याच पट्ट्यांवर असा सा बदलत जाण्याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. पाश्चात्त्यांचे डोरियन, फ्रिजियन, लिडियन हे मोड, म्हणजे त्यांच्या स्वरमाला, असेच निघतात.

थाट सापडला म्हणजे राग आला, असं मात्र समजू नका. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, पण भूपात गंधार वादी (रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर), देशकारात धैवत. मिरजेच्या तंबोऱ्याला तर पट्ट्याच नसतात. गवई सांगेल तिथे सा लावायचा.