पटावरचा पैसा काय शिकवतो?

मोनोपॉली या जागा घेऊन भाडं वसूल करायच्या पटावरच्या खेळात हातची रोकड संपली की जागा गहाण टाकता येते. बँक छापील किमतीच्या निम्मे पैसे देते. जागा सोडवायची झाली की मुद्दल आणि वर दहा टक्के भरायचे. दुसऱ्याच फेरीत सोडवा नाहीतर तीन तासांनी, व्याज तेवढंच: दहा टक्के, एकदाच. खेळ हिशेबात अडकून पडू नये म्हणून केलेली ही सोय, आणि खेळ म्हणून ती रास्तच आहे. पण व्याज म्हणजे मुळात काळाची किंमत. ‘पैशाचे व्यवहार कळतील’ म्हणून कुणी मुलांसमोर हा पट मांडला असेल, तर कर्जाबद्दलची पहिलीच गोष्ट मुलं उलटी शिकतात. कर्ज कितीही दिवस अंगावर ठेवलं तरी काही बिघडत नाही, असं तो नियम सांगतो.

बचत, कर्ज, गुंतवणूक या गोष्टी बोर्डगेममधून शिकता येतात का, या प्रश्नाला माझ्या मते ‘हो’ असंच उत्तर आहे. फक्त खोक्यावर जे छापलेलं असतं ते खेळ शिकवत नाही. त्याचे नियम ज्या वागण्याला बक्षीस देतात, ते वागणं तो शिकवतो. या दोन गोष्टी एकच असतील याची खात्री नाही, आणि याचा सगळ्यात जुना दाखला मोनोपॉलीच्याच घराण्यात सापडतो.

अमेरिकेत लिझी मॅगी या बाईंनी १९०४ साली ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचं पेटंट मिळवलं. त्या हेन्री जॉर्ज या अर्थतज्ज्ञाच्या अनुयायी होत्या. जमिनीचं मोल सगळ्या समाजामुळे वाढतं, म्हणून तिचं भाडं कर म्हणून समाजाकडे यावं, असं जॉर्ज यांचं म्हणणं. ते लोकांना पटावर अनुभवता यावं, हा मॅगीबाईंचा हेतू होता. त्यांच्या खेळाच्या दोन नियमावल्या प्रचारात आल्या. एकीत जमिनीच्या भाड्याचा लाभ सगळ्यांना मिळे, दुसरीत एक जण बाकीच्यांना कंगाल करून जिंके. दोन्ही खेळून पाहिल्यावर माणसं पहिलीच्या बाजूने झुकतील, असा त्यांचा होरा. झालं भलतंच. लोकांना दुसरी नियमावली आवडली. १९३५मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने मॅगीबाईंच्या पेटंटचे हक्क ५०० डॉलरना घेतले, आणि त्याच वर्षी, खेळ आपला म्हणून कंपनीला विकणाऱ्या चार्ल्स डॅरो यांच्या नावाने मोनोपॉली बाजारात आणला. मक्तेदारीचे तोटे दाखवण्यासाठी जन्मलेला खेळ मक्तेदारीची मजा शिकवत जगभर गेला.

म्हणजे पटावर काही शिकताच येत नाही असं नाही. रॉबर्ट सिगलर आणि गीता रामानी यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. गरीब घरांतल्या, अजून शाळेत न गेलेल्या मुलांना त्यांनी एक साधा पट दिला. एका ओळीत दहा घरं, त्यांत १ ते १० आकडे. चक्री फिरवायची, आकडे मोठ्याने म्हणत सोंगटी पुढे न्यायची. दुसऱ्या गटाच्या पटावर आकड्यांऐवजी रंग होते, बाकी सगळं तेच. दोन आठवड्यांत पाव-पाव तासाच्या चारच बैठका झाल्या, तरी आकड्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांची संख्यांची समज लक्षणीय वाढली आणि नऊ आठवड्यांनीही टिकून होती. रंगांच्या गटात तसं काही झालं नाही. पुढे याच संशोधकांना असंही दिसलं की घरं सरळ ओळीऐवजी वर्तुळात मांडली तर फायदा बराच घटतो. खेळ तोच, आकडे तेच, नुसती मांडणी बदलली! मुलाच्या हाताला जे दर खेळीत करावं लागतं त्याचा आकार आणि शिकायच्या गोष्टीचा आकार जुळला, तर पट शिकवतो.

ही कसोटी पैशांच्या खेळांना लावली की चित्र बरंच स्पष्ट होतं.

एक धडा हे खेळ उत्तम देतात: मालमत्ता आणि रोकड या वेगळ्या गोष्टी आहेत. मोनोपॉलीत भरपूर जागा, त्यावर घरं, आणि हातात मात्र चार नोटा असा खेळाडू दुसऱ्याच्या हॉटेलवर जाऊन पडतो. भाडं भरायला त्याला घरं बँकेला परत विकावी लागतात, तीही निम्म्या किमतीत. कागदावर श्रीमंत असलेला माणूस मोडतो कसा, हे त्या एका क्षणात कळतं. सिड सॅक्सन यांच्या १९६४च्या ‘अक्वायर’मध्ये हाच धडा अधिक बारकाईने येतो. तिथे हॉटेलांच्या साखळ्यांचे शेअर घ्यायचे, पण ते मनात आलं म्हणून विकता येत नाहीत. डाव चालू असताना दोन साखळ्यांचं विलीनीकरण झालं तरच, गिळल्या गेलेल्या साखळीच्या शेअरचे पैसे होतात. सुरुवातीला उत्साहाने सगळी रोकड शेअरमध्ये घालणारा मग डावाच्या मध्यावर हात बांधून बसतो, आणि पडेल भावातली संधी समोरून निघून जाते. अडीनडीसाठी पैसे वेगळे ठेवावेत हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. न ठेवल्यावर काय होतं ते इथे अर्ध्या तासात भोगता येतं.

चक्रवाढीच्या बाबतीत मात्र पट कमी पडतो. दरसाल ८ टक्क्यांनी १०० रुपयांचे दहा वर्षांत २१६ होतात, वीस वर्षांत ४६६ आणि तीस वर्षांत १,००६. पहिल्या वीस वर्षांत ३६६ची भर पडते, तर शेवटच्या दहांत ५४०ची. सगळी करामत शेपटाकडे आहे. मोनोपॉलीत दर फेरीला मिळतात ते सरळ २०० डॉलर, पहिल्या फेरीत आणि विसाव्यातही. वाढ घातांकी, म्हणजे वाढीवर पुन्हा वाढ अशी, असेल असा खेळ रचायचा तर एक जण लवकर पुढे जातो आणि बाकीच्यांना पुढचा तासभर बघत बसावं लागतं, म्हणून खेळ रचणारे बहुधा मागे पडलेल्याला हात देणारे नियम घालतात. खेळ रंगतो, चक्रवाढ पुसली जाते.

आता जोखीम विभागण्याकडे येऊ. हा विषय फाशांवर इतका छान उलगडतो की त्यासाठी पटाचीही गरज नाही. समजा एक काल्पनिक शेअर आहे. फासा टाका. ४, ५ किंवा ६ पडले तर तो ५० टक्के वाढतो, १, २ किंवा ३ पडले तर ४० टक्के घसरतो. सरासरी काढली तर दर फेरीला ५ टक्के फायदा, म्हणजे सौदा चांगला. पण १०० रुपये लावून पाहा: एकदा वर गेला, १५०, एकदा खाली आला, ९०. एक फायदा आणि एक तोटा मिळून दहा रुपये गेले. आठ फेऱ्यांत चार वेळा वर आणि चार वेळा खाली, असा अगदी सरासरी नशिबाचा खेळ झाला तर हाती उरतात ६६.

मग तीन फासे घ्या, म्हणजे असेच तीन स्वतंत्र शेअर. पैसे तिघांत सारखे वाटा आणि दर फेरीनंतर पुन्हा सारखे करा. तिन्ही वर गेले तर ५० टक्के वाढ, दोन वर तर २० टक्के वाढ, एकच वर तर १० टक्के घट, तिन्ही खाली तर ४० टक्के घट. आठ फेऱ्यांत संभाव्यतेप्रमाणे या गोष्टी अनुक्रमे एकदा, तीनदा, तीनदा आणि एकदा घडतात. गुणाकार करा. १०० चे ११३ होतात. शेअर तेच, सरासरी फायदा तोच ५ टक्के, तरी नुसत्या वाटणीने ६६ च्या जागी ११३. हे कुणी सूत्राने सांगितलं तर कानावरून जातं. फासे टाकत कागदावर मांडलं की डोक्यात बसतं. (खऱ्या बाजारात शेअर असे परस्परांपासून स्वतंत्र नसतात, मंदीत सगळे हातात हात घालून पडतात. त्यासाठी ‘सगळ्या फाशांचा तोटा’ असं एखादं वादळाचं पान असलेली पत्त्यांची गड्डी सोबत ठेवावी.)

आणि इथेच खेळाची खरी मेख आहे. समजा हाच खेळ चार जण खेळताहेत आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त तो विजयी. शेवटची फेरी आहे. पुढे असलेल्याने १३० रुपये रोख करून ठेवलेत आणि तुमच्याकडे १०० आहेत. तिन्ही शेअरमध्ये वाटले तर १३०च्या पुढे जाण्यासाठी तिन्ही फासे अनुकूल पडायला हवेत, म्हणजे आठात एक संधी. सगळे एकाच शेअरवर लावले तर दोनात एक. खेळ जिंकायचा असेल तर सगळं एकावर लावणंच शहाणपणाचं! दुसरा आला काय नि शेवटचा आला काय, पटावर सारखंच, त्यामुळे बुडण्याला किंमतच उरत नाही. घरच्या पैशाला असा शेवटचा डाव नसतो, आणि शेजाऱ्याला हरवलं म्हणून म्हातारपणीचा खर्च भागत नाही.

हे नुसतं पटापुरतं राहत नाही. १९९६मध्ये ब्राउन, हार्लो आणि स्टार्क्स यांनी १९७६ ते १९९१ या काळातल्या ३३४ म्युच्युअल फंडांची आकडेवारी तपासली. वर्षाच्या मध्यावर मागे पडलेले व्यवस्थापक उरलेल्या महिन्यांत जोखीम तुलनेने अधिक वाढवतात, असं त्यांना आढळलं. वार्षिक क्रमवारी हाच त्यांचा पट. पुढे रोजच्या आकडेवारीवर हे पुन्हा तपासलं गेलं तेव्हा परिणाम इतका ठाम दिसला नाही, तेव्हा वाद आहे. तरी बक्षिसाची रचना माणसाला कुठे ढकलते, याची चुणूक त्यातून मिळतेच.

दुसरी अडचण फाशाच्या प्रामाणिकपणाची. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहांत बेरीज ७ येते, १२ एकातच, आणि १३ कधीच नाही. शिकणाऱ्याला ही शिस्त हवीच. त्याशिवाय संभाव्यता कळणार नाही. पण अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ सालीच फरक करून ठेवला होता: शक्यता मोजता येते ती जोखीम, मोजताच येत नाही ती अनिश्चितता. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. आदल्या दिवसापर्यंतच्या चढउतारांवरून बनवलेल्या फाशावर ते घरच नव्हतं. पटावर पटाईत झालेल्या माणसाला आपण जोखीम ओळखतो असा भ्रम होणं सोपं आहे, आणि तो अज्ञानापेक्षा महाग पडू शकतो.

तिसरी गोष्ट खोट्या नोटांची. चार्ल्स होल्ट आणि सुझन लॉरी यांनी २००२मध्ये लोकांना सोडतींतून निवड करायला लावली. खरी बक्षिसं मोठी होत गेली तसे लोक सावध झाले. तेवढीच मोठी पण काल्पनिक बक्षिसं ठेवली तेव्हा त्यांच्या निवडी जवळपास होत्या तशाच राहिल्या. रंगीत कागदाच्या नोटांनी भीती शिकवता येत नाही.

खऱ्या पैशांनी मात्र खेळ चांगलाच बोलका होतो. व्हिक्टर हगानी आणि रिचर्ड ड्यूई यांनी ६१ जणांना प्रत्येकी २५ डॉलर दिले आणि संगणकावरचं एक नाणं दिलं. छापा ६० टक्के वेळा पडतो हे आधीच सांगितलेलं. अर्धा तास, हव्या तेवढ्या पैजा, जिंकलेले पैसे एका मर्यादेपर्यंत तुमचे. दर वेळी जवळच्या रकमेच्या साधारण २० टक्के छाप्यावर लावत राहिलं तर बुडणं जवळपास अशक्य. खेळणारे कोण, तर अर्थशास्त्र आणि वित्तव्यवहार शिकणारे विद्यार्थी, गुंतवणूक संस्थांत काम करणारे तरुण. त्यांतले २८ टक्के पार धुतले गेले. १८ जणांनी कधी ना कधी सगळे पैसे एकाच फेकीवर लावले, आणि दोनतृतीयांश लोकांनी केव्हातरी काट्यावर पैज घेतली! शक्यता माहीत होती, सौदा फायद्याचा होता, किती लावायचं एवढंच कळलं नाही. गुंतवणुकीच्या शिकवणीत काय घ्यावं यावर तासन्‌तास बोललं जातं आणि किती घ्यावं यावर जेमतेम एखादं वाक्य. एक वाकडं नाणं ती उणीव अर्ध्या तासात दाखवून देतं.

शिकलेलं वागण्यात उतरतं का, यावर संशोधकांचं एकमत नाही. २०१४मध्ये २०१ अभ्यास एकत्र पाहून असा निष्कर्ष निघाला होता की अर्थसाक्षरतेच्या उपक्रमांनी लोकांच्या वागण्यातल्या फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग उलगडतो, आणि काळ जातो तसा परिणाम विरतो. २०२२मध्ये ७६ यादृच्छिक प्रयोग (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेले) आणि १ लाख ६० हजारांहून अधिक माणसं विचारात घेणाऱ्या विश्लेषणाने चित्र बरंच आशादायक दाखवलं: ज्ञान वाढतं, वागणंही थोडं सुधारतं. मला पहिल्या अभ्यासातली एक सूचना जास्त कामाची वाटते. निर्णय समोर असतो त्याच सुमारास दिलेलं शिक्षण उपयोगी पडतं. दहाव्या वर्षी पटावर गहाणखत केलेल्या मुलाला तिशीत गृहकर्ज घेताना त्यातलं काही आठवेल, अशी आशा कमीच ठेवावी. पहिला पगार हाती येण्याच्या महिन्यात मांडलेला पट अधिक काम करेल.

तेव्हा शिकवण्यासाठीच पट मांडायचा असेल तर मी खोक्यातले नियम बिनदिक्कत बदलेन. गहाण जागेवर दर फेरीला व्याज, आणि न भरलेलं व्याज मुद्दलात. शेवटची फेरी ठरलेली नको: विसाव्या फेरीनंतर दर फेरीअखेर फासा टाकायचा, ६ पडला की खेळ संपला, म्हणजे शेवटच्या डावातली आंधळी उडी आपोआप बंद. एकच विजेता नको. प्रत्येकाने सुरुवातीलाच एक पान उचलायचं, त्यावर त्याचं उद्दिष्ट लिहिलेलं: कुणाला अमुक रक्कम, कुणाला दर फेरीला तमुक उत्पन्न, कुणाला फक्त कर्जमुक्ती. उद्दिष्ट गाठलं तो जिंकला, मग चौघंही जिंकोत. आणि तोच पट दोनदा खेळायचा, एकदा एका विजेत्याच्या नियमाने आणि एकदा असा. दोन्ही वेळच्या रोजमेळांचे, म्हणजे प्रत्येकाने दर फेरीला लिहिलेल्या जमाखर्चाचे, कागद शेजारी शेजारी ठेवायचे आणि कोणत्या फेरीपासून कोण वेगळं वागायला लागलं, ते शोधायचं.