मांडवीवरचे घर: लाक्षणिक अर्थ आपल्याला कळतो कसा?

‘आमचे घर अगदी मांडवीवर आहे,’ असे गोव्यातील बेतीचा रहिवासी मांडवी नदीबद्दल बोलताना सांगतो, तेव्हा पाण्यावर तरंगणारे घर कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. घर काठावर आहे, हे ऐकणाऱ्याला विनासायास कळते. याच घडणीच्या ‘गंगेवर गवळीवाडा’ या उदाहरणाचा खल संस्कृत काव्यशास्त्राने शतकानुशतके केला. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट यांनी ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या, म्हणजे शब्दाने मूळ अर्थ सोडून त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ देण्याच्या, तीन अटी सांगितल्या: मूळ अर्थ वाक्यात बसत नसावा, नव्या अर्थाचा त्याच्याशी संबंध असावा आणि त्या वापरामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. गोव्याचे सचिवालय आणि विधानसभा पर्वरीला असल्यामुळे ‘पर्वरीने निर्णय घेतला’ असे आपण सहज म्हणतो, ती रूढी. घर ‘मांडवीवर’ म्हणण्यात मात्र नदीचा गारवा ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे प्रयोजन आहे.

पहिल्या अटीवरून एक प्रश्न उभा राहतो. मन आधी शब्दशः अर्थ लावते, तो जुळत नाही म्हणून टाकून देते आणि मगच लाक्षणिक अर्थ शोधते का? मानसशास्त्रातही बराच काळ तसेच मानले जाई. 1982 मध्ये सॅम ग्लक्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वाक्ये दाखवून ती शब्दशः खरी की खोटी, एवढेच ठरवायला सांगितले. ‘काही नोकऱ्या म्हणजे तुरुंग’ अशा वाक्यांना खोटे ठरवायला लोकांना निव्वळ असंबद्ध वाक्यांपेक्षा जास्त वेळ लागला. लाक्षणिक अर्थ कोणी मागितलाच नव्हता, तरी तो आपोआप उमटला आणि उत्तराच्या आड आला.

मेंदूतील विद्युत् लहरींची साक्षही उद्बोधक आहे. ‘त्याने गरम पावावर मोजे पसरले’ यासारखे वाक्य वाचताना, न जुळणारा शब्द दिसल्यापासून सुमारे 400 मिलिसेकंदांनी एक ठळक ऋण लहर उमटते, हे मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिल्यार्ड यांनी 1980 मध्ये दाखवले. पुढील अनेक प्रयोगांत रूपकांच्या वेळी ही लहर साध्या वाक्यापेक्षा मोठी, पण असंबद्ध वाक्यापेक्षा लहान आढळली. रूपक जितके अपरिचित, तितकी ती सामान्यतः मोठी. रूढी आणि प्रयोजन हा मम्मटांचा भेद मला इथे फार मोलाचा वाटतो, कारण रुळलेला आणि ताजा प्रयोग मेंदूलाही सारखे पडत नाहीत. मूळ अर्थ न जुळण्याची त्यांची अट मात्र तर्काची आहे, घड्याळाची नव्हे. त्यामुळे 1982 च्या प्रयोगाने ती खोटी ठरत नाही.

शाळेत अलंकार शिकवताना ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, अशी खूणगाठ बांधून दिली जाते. परीक्षेपुरती ती चालते, पण प्रयोजनाचा विचार त्यात राहूनच जातो. घर ‘मांडवीच्या काठावर’ म्हटले असते तर काय हरवले असते, हे मुलांना विचारावे. कोणी वाऱ्याचा गारवा सांगेल, कोणी खिडकीतून दिसणारी फेरीबोट, तर कोणी पावसाळ्यात उंबऱ्यापर्यंत येणाऱ्या पाण्याची धास्ती. आणि यांतले काहीही त्या वाक्यात लिहिलेले नसते.