बीन वाजलीच नव्हती: जुन्या सिंथचे आवाज पुन्हा घडवताना

वरातीत बँडवाल्यांनी ‘मन डोले मेरा तन डोले’ची धून काढली, की एक जण रुमालाचं टोक दातांत धरून नाग होतो आणि दुसरा त्याच्यापुढे पुंगी धरल्यासारखे हात करून डोलायला लागतो. 1954 सालच्या ‘नागिन’ चित्रपटातली ती बीन तीन पिढ्यांच्या कानात बसली आहे. पण त्या ध्वनिमुद्रणात बीन नव्हती. कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजी, तेव्हा हेमंतकुमारांचे सहायक होते. त्यांनी ती सुरावट क्लॅव्हिओलिन नावाच्या एका लहानशा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजवली. सोबत रवी यांची पेटी होती.

जुन्या ध्वनिमुद्रणांतले असे आवाज लॅपटॉपवर पुन्हा घडवण्याचा मला नाद आहे. वाद्याचं नाव कळलं की काम झालं असं सुरुवातीला वाटायचं. आता वाटत नाही. त्या नावाचं प्लगइन, म्हणजे वाद्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, उघडावं, नॉब फिरवत बसावं, आणि मध्यरात्री लक्षात यावं की आपला आवाज अजूनही मूळ आवाजाचा दूरचा नातेवाईकच आहे. शोधायची असते ती आवाजाची वाट. तो कुठे जन्मला, कशातून गाळला गेला, टेपवर कसा उतरला, आणि वाजवणाऱ्याने त्या वेळी नेमकं काय केलं.

सुरुवात तानपुऱ्यापासून करू. शांत खोलीत खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो तारेच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपनांचा उपस्वर असतो. कुठलाही सुरेल आवाज म्हणजे मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर यांचा मेळ. कोणता उपस्वर किती जोरात, यावर आवाजाचा रंग ठरतो.

सिंथ म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, आणि त्यातला ऑसिलेटर विजेची एक ठरावीक आकाराची लहर तयार करतो. करवतीच्या दात्यांसारखी लहर असेल तर तिच्यात सगळे उपस्वर असतात. दुसऱ्याचा जोर निम्मा, तिसऱ्याचा एक तृतीयांश, असे उतरत गेलेले. चौकोनी लहरीत फक्त विषम उपस्वर असतात, म्हणून ती पोकळ वाटते. लहर फक्त पाव काळ वर आणि उरलेला काळ खाली असेल, तर चौथा, आठवा, बारावा असे उपस्वर गायब होतात. हे शेवटचं फार उपयोगी पडतं. ध्वनिमुद्रणातला सुटा स्वर सापडला, की संगणकावर त्याचा वर्णपट (कोणता उपस्वर किती जोरात, ते दाखवणारा आलेख) काढायचा आणि कोणती पायरी गळली आहे ते मोजायचं. चौथी गळली असेल, तर त्या वाद्यवादकाने कोणता खटका दाबला असेल ते अर्धशतकानंतरही सांगता येतं. लहर जितकी अरुंद, तितके वरचे उपस्वर जोरकस आणि आवाज तितका नाकातला. क्लॅव्हिओलिनचा मूळ आवाज याच जातीचा, आणि पुंगीच्या पत्तीचाही. शिवाय दोन्हींवर एका वेळी एकच सुरावट वाजते. कानाची फसगत होते ती इथे.

यानंतर फिल्टर. तोंडाने ‘ऊ’ म्हणत हळूहळू ‘आ’कडे जा. गळ्यातला स्वर तोच राहतो. बदललेल्या तोंडाच्या पोकळीमुळे वरचे उपस्वर खुलतात. सिंथचा फिल्टर हेच करतो. आणि स्वर किती झटकन उठतो, किती वेळात विझतो, हे एन्व्हलप ठरवतं. तबल्याची थाप उठते आणि लगेच ओसरते, पेटीचा स्वर मात्र हवा असेपर्यंत टिकतो. लहर, फिल्टर, एन्व्हलप: कागदावर एवढंच. पण आवाज या तिघांवर संपत नाही, आणि याचं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर उदाहरण म्युनिकचं आहे.

1977 साली म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत जॉर्जियो मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी गायिका डोना समरचं ‘आय फील लव्ह’ ध्वनिमुद्रित केलं. गाण्याचा कणा म्हणजे खाली अखंड धावणारा सिंथचा बेस. वाद्य होतं मूग कंपनीचं मोठं मॉड्युलर सिंथ: कपाटाएवढा पसारा, त्यात सुटे विभाग, आणि त्यांना जोडणाऱ्या वायरींचं जाळं. ते एबरहार्ट श्योनर या संगीतकाराच्या मालकीचं होतं आणि ते चालवायला त्यांचे सहायक रॉबी वेडेल स्टुडिओत होते. वेडेल यांनी टेपच्या सोळाव्या ट्रॅकवर एक ठोक्यांचा संकेत आधी भरून ठेवला. मूगचा सीक्वेन्सर, म्हणजे ठरवलेले स्वर आपोआप क्रमाने वाजवणारा भाग, त्या संकेतावर चालायचा, त्यामुळे नंतर भरलेला प्रत्येक थर आधीच्या थराशी घट्ट जुळला. मोरोडर यांनाही ही युक्ती तेव्हाच कळली.

हा बेस घडवायला मी बसलो, तेव्हा करवती लहर, खाली ओढलेला फिल्टर आणि छोटं एन्व्हलप इथपर्यंत लवकर पोचलो. आवाज जवळचा होता, पण त्यात ती थरथर नव्हती. मूळ बेस दिव्याच्या उघडझापीसारखा लुकलुकतो. कारण सिंथच्या बाहेर होतं. ध्वनिअभियंता युर्गेन कॉपर्स यांनी मूळ बेस डाव्या बाजूला ठेवला आणि त्याचीच थोडी उशिरा येणारी प्रतिकृती उजव्या बाजूला. लय मिनिटाला 125 ठोके धरली, तर एक ठोका 0.48 सेकंदाचा आणि त्याचा चौथा भाग 0.12 सेकंदाचा. एवढ्या उशिराने दुसरा आवाज आला, की दोन स्वरांमधली रिकामी जागा तो भरून काढतो आणि बेस दुप्पट वेगाने धावल्यासारखा वाटतो. हेडफोनची एक बाजू कानावरून काढली तर गाण्याचा जीवच जातो. करून पाहा.

आणखी एक गोष्ट. या गाण्यातला ढोल सिंथचा नाही. हाय-हॅटची (ड्रमसोबतच्या झांजांची) सळसळ मूगच्या पांढऱ्या गोंगाटातून काढता आली, पण छातीवर बसणारा दणका त्यातून मिळेना. म्हणून किक ड्रम कीथ फोर्सी यांनी पायाने वाजवला. ‘संपूर्ण यांत्रिक’ म्हणून नावाजलेल्या या गाण्याखाली एका माणसाचा पाय आहे, आणि नक्कल करताना सगळे ठोके संगणकाने अचूक ओळीत बसवले तर ते कानाला खटकतं.

मूग फार पटकन बेसूर व्हायचं. वीस-तीस सेकंद भरायचं, थांबायचं, पुन्हा सुरात लावायचं, असं काम चाले. हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. रॉबर्ट मूग यांनी 1960 च्या दशकात रूढ केलेला नियम सोपा आहे: एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक वर. व्होल्ट बेरजेने वाढतात आणि कंपनसंख्या गुणाकाराने. हे रूपांतर ट्रान्झिस्टरकडून करून घेतात, कारण त्यातला प्रवाह व्होल्टेजनुसार नेमका असाच दुपटी-चौपटीने वाढतो. मात्र हे नातं निरपेक्ष तापमानावर अवलंबून असतं. खोलीचं 27 अंश सेल्सिअस म्हणजे निरपेक्ष मोजणीत 300 अंश. एक अंश वाढला की प्रमाण तीनशेव्या भागाने बदलतं. मूळ स्वरापासून तीन सप्तकं वरचा स्वर घेतला तर चूक होते सप्तकाच्या शंभराव्या भागाएवढी. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर 12 सेंट. दोन अंशांत 24. आपली प्रमाणश्रुती, म्हणजे सुरांमधलं एक सूक्ष्म अंतर, साधारण साडेएकवीस सेंटची आहे. म्हणजे भरपाईची सोय नसेल तर स्टुडिओचा एसी बंद पडायचा अवकाश, आणि वरचा स्वर एका श्रुतीहून जास्त सरकलेला असेल. प्रत्यक्ष वाद्यांत ही भरपाई केलेली असते, पण ती पुरती नसते.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की सगळे स्वर सारखे उतरत नाहीत. सप्तकच आकसतं. मूळ स्वराजवळचे स्वर जवळपास जागेवर राहतात आणि लांबचे जास्त हलतात. अनेक सॉफ्टवेअर सिंथमध्ये ‘ड्रिफ्ट’ नावाचा नॉब असतो आणि तो प्रत्येक स्वराला मनाला येईल तसा थोडा हलवतो. ते मला अजिबात पटत नाही. जुन्या वाद्याचा बेसूरपणा भौतिक नियमाने चालायचा, आणि कानाला तो नियम जाणवतो.

त्याचीच गोड बाजूही आहे. 1970 च्या मिनीमूग या लहान सिंथमध्ये तीन ऑसिलेटर आहेत. दोन ऑसिलेटर एकाच स्वरात लावले, पण एक 110 कंपनांवर आणि दुसरा 110.5 वर असेल, तर मूळ स्वर दर दोन सेकंदांनी फुगतो आणि ओसरतो. दहाव्या उपस्वरात हाच फरक दहापट होतो, म्हणून तिथे सेकंदाला पाच लाटा उठतात. प्रत्येक उपस्वर वेगळ्या गतीने श्वास घेतो. तानपुऱ्याच्या जोडाच्या दोन तारा जवळजवळ मिळाल्या असताना जी हालचाल ऐकू येते, ती हीच.

फिल्टरची गोष्ट संगणकाला जड गेली. मूगच्या फिल्टरला शिडी म्हणतात, कारण आकृतीत ट्रान्झिस्टरच्या जोड्या पायऱ्यांसारख्या एकावर एक दिसतात. चार पायऱ्या, प्रत्येक पायरी दर सप्तकाला 6 डेसिबल कमी करते, एकूण 24. शेवटच्या पायरीचा आवाज उलटा करून पुन्हा पहिल्या पायरीला दिला, की एका ठिकाणचे उपस्वर उसळतात आणि तो ओळखीचा ‘वाँव’ येतो. विजेच्या मंडळात हा परतीचा प्रवास जवळपास तत्क्षणी होतो. संगणक मात्र आवाज तुकड्यातुकड्याने मोजतो. परतीचं उत्तर यायला सरळ पद्धतीने किमान एक तुकडा उशीर होतो, आणि तेवढ्याने फिल्टरचा सूर सरकतो. स्टॅनफर्डच्या टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी 1996 मध्ये या अडचणीची नीट उकल मांडली. 2004 मध्ये अँटी हुओविलाइनेन यांनी प्रत्येक पायरीतल्या ट्रान्झिस्टरचं जोर वाढल्यावर ‘दबणं’ही गणितात आणलं. प्लगइनमधला फिल्टर ओला वाटू लागला तो अशा कामांमुळे.

साधी करवती लहरसुद्धा संगणकावर निष्काळजीपणे काढली तर भुतं उठतात. सेकंदाला 44,100 नमुने घेतले, तर 22,050 कंपनांच्या वरचं काही साठवता येत नाही. जे वर जातं ते दुमडून खाली येतं. 3,000 कंपनांच्या करवती लहरीचा पंधरावा उपस्वर 45,000 चा. तो 900 वर येऊन बसतो, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली, आणि कुठल्याही नात्यात न बसणारा. उंच स्वरांत जो काचेसारखा किरकिराट ऐकू येतो, तो बहुधा याच भुतांचा.

कधी कधी शोधच चुकीच्या दारात चाललेला असतो. ‘द हू’ या इंग्रज बँडचं 1971 चं ‘बाबा ओ’रायली’ सुरू होतं ते एका भिरभिरत्या, अखंड सुरावटीने. यातले बाबा म्हणजे आपल्या अहिल्यानगरजवळच्या (पूर्वीच्या अहमदनगरजवळच्या) मेहेराबादचे मेहेरबाबा. बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचे भक्त. रायली म्हणजे टेरी रायली हे अमेरिकी संगीतकार, जे किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. मेहेरबाबांच्या जीवनाची माहिती सिंथमध्ये घालून ही सुरावट निघाली, अशी दंतकथा आजही सांगितली जाते, आणि ती ऐकून कित्येकांनी सिंथचे नॉब फिरवत वर्षं घालवली. प्रत्यक्षात तो लोरी कंपनीचा घरगुती ऑर्गन होता. त्यात मरिम्बा रिपीट नावाची सोय होती: पट्टी दाबून धरली की स्वर आपोआप टिपऱ्यांसारखा वाजत राहतो. टाउनशेंड यांनी हाताने वाजवलं, भिरभिर ऑर्गनने पुरवली. ज्याला हे माहीत आहे त्याची नक्कल एका संध्याकाळी होते.

मुंबईत 1982 साली चरणजित सिंग यांनी दहा रागांची एक तबकडी केली. चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवलेल्या या वादकाने रोलँड कंपनीची ज्युपिटर-8 (कीबोर्ड सिंथ), टीआर-808 (तालयंत्र) आणि टीबी-303 (बेसयंत्र) ही तीन यंत्रं एकत्र चालवली आणि भैरव, ललत, तोडी, मालकंस डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. शिकागोत 303 च्या चिरक्या बेसवर ‘ॲसिड’ नावाची नृत्यसंगीताची लाट उठायला अजून पाच वर्षं होती. ती तबकडी 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे कान टवकारले. मला स्वतःला हे काम फार मोठं वाटतं, आणि त्याची नोंद मराठीत इतकी कमी आहे याचं वाईट वाटतं.

303 चा आवाज उतरवताना दोन गोष्टी हटकून चुकतात. एक, स्वरावरून स्वरावर घसरणं. त्यातला कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, आधी झपाट्याने आणि मग मंदावत नव्या स्वराला पोचतो, आणि स्वर जवळचा असो की लांबचा, वेळ तेवढाच घेतो. गायकाच्या मींडेत हा वेळ गायक ठरवतो, इथे एक कंडेन्सर. दुसरी गोष्ट, आघात. एका स्वरावर आघात दिला की आणखी एक कंडेन्सर भरतो, आणि तो पूर्ण रिकामा व्हायच्या आत दुसरा आघात आला तर आवाज आणखी वर उसळतो. सलग तीन आघातांतला तिसरा पहिल्यापेक्षा जास्त किंचाळतो. यंत्राला मागचं थोडं आठवतं. प्रत्येक स्वर वेगळा मोजणाऱ्या नकलेत ही आठवण नसते, म्हणून ती सपाट वाटते.

1983 च्या यामाहा डीएक्स-7 या सिंथची नक्कल याउलट फारशी भांडत नाही. ते वाद्य मुळात आकड्यांचं. आकडे तेच दिले की आवाज जवळपास तोच येतो.

माझी ‘नागिन’ची बीन मात्र अजून चालू आहे. अरुंद लहर, थोडी व्हिब्रॅटो (स्वराची थरथर), वरून हलकी गाळणी, इतकं जमलं, तरी ती खेळण्यातल्या पुंगीसारखी वाजत होती. क्लॅव्हिओलिनला कीबोर्डखाली एक दांडी असते आणि ती वादक गुडघ्याने ढकलून आवाज लहान-मोठा करतो. दोन्ही हातांना त्यात काही काम नाही. मी व्हॉल्यूमचं पेडल टेबलाच्या पायाला उभं बांधलं आणि गुडघ्याने रेटून पाहिलं. लांब स्वर आता पोटातून फुगतो आणि परत आवळला जातो. व्हिब्रॅटोचा वेग अजून थोडा जास्त आहे; तो थोडा थोडा खाली आणतो आहे.